उंबरठ्यावरची ओळख

सिद्धेश्वरच्या धरणावर उभं राहिलं की समुद्र फार लांबचा वाटतो. औंढा नागनाथ तालुक्यातला हा मातीचा बांध सहा किलोमीटरांहून लांब आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगवलेली पूर्णा आधी येलदरीला अडते. तिथून सुटलेलं पाणी इथे पुन्हा अडतं आणि कालव्यांवाटे हिंगोली, परभणी, नांदेडच्या शिवारांत जातं. दोन्ही धरणं १९६८ साली पूर्ण झाली. जे पाणी कालव्याला लागत नाही ते पूर्णेतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोचतं. समुद्राशी या मुलखाचं नातं तेवढंच.

तरीही समुद्रातल्या प्राण्यांवरचं हे प्रकरण इथूनच सुरू करायचं आहे, आणि त्याला कारण आहे गोड्या पाण्यातला मासा. मराठवाड्याच्या जलाशयांत सोडले जाणारे आणि आठवडी बाजारात तराजूत पडणारे मासे मुख्यतः तीन : कटला, रोहू आणि मृगळ. तिघंही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांची एक खोड आहे. साठलेल्या पाण्यात ते खातात-पितात, गलेलठ्ठ होतात, मादीचं पोट अंड्यांनी भरतंही. पण अंडी घालायला त्यांना पावसाळ्यातलं, पुराचं, वाहतं पाणी लागतं. ते मिळालं नाही तर अंडी पोटातच जिरतात. म्हणून धरणात हा मासा पाहिजे असेल तर त्याचं बीज बाहेरून आणून सोडावं लागतं.

पूर्वी हे बीज पूर आलेल्या नद्यांतून गोळा करत. त्यात कामाचं किती आणि भलतंच किती, हे पिल्लं मोठी झाल्यावरच कळे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हीरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी या अडचणीवर उपाय शोधला. एका माशाच्या मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढून तिचा अर्क त्यांनी दुसऱ्या माशाला टोचला, आणि मादीने बंदिस्त पाण्यात अंडी सोडली. दहा जुलैला देशभर मत्स्य शेतकरी दिन साजरा होतो तो याच घटनेची आठवण म्हणून. आता ग्रंथी काढत बसावं लागत नाही, तयार संप्रेरकाची इंजेक्शनं मिळतात. संध्याकाळी टोचलं की रात्रीतून मादी अंडी सोडते, नर त्यांवर दुधासारखं वीर्य सोडतो, आणि साधारण चौदा ते वीस तासांत अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात. ती इतकी बारीक असतात की त्यांना जिरेच म्हणतात. जिऱ्यांची अर्धबोटुकली होते, अर्धबोटुकलीची बोटुकली होते आणि बोटुकली धरणात जाते.

एका मिनिटाची मुदत

आपल्याला पाहायचा आहे तो या सगळ्या खटाटोपातला एकच क्षण, अंड्याची आणि शुक्रजंतूची भेट होते तो.

रोहूची मादी दर किलो वजनामागे दोन लाखांहून जास्त अंडी देते. ही अंडी पाण्यात पडताच फुगू लागतात. नराच्या शरीरात असेपर्यंत निपचित पडलेले शुक्रजंतू गोड्या पाण्याचा स्पर्श होताच एकदम जागे होतात आणि वळवळू लागतात. पण ही जाग फार तर मिनिटाभराची. तेवढ्यात अंडं गाठलं तर गाठलं. बरं, अंड्याला चहूबाजूंनी जाड कवच, आत जायला एकच बारीक छिद्र. गडाला एकच दरवाजा असावा तसं. त्या छिद्रातून आत उतरलेला शुक्रजंतू अंड्याच्या पातळ आवरणाला जाऊन भिडतो, तिथे दोघांची ओळख पटते आणि दोन पेशींची एक पेशी होते.

ओळख पटते म्हणजे काय होतं? डोळे नाहीत, कान नाहीत, मेंदू नाही. एका पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं, दुसरीच्या पृष्ठभागावर त्याला बसेल असं दुसरं प्रथिन असतं. दोघांचे आकार आणि विद्युतभार जुळले की ती चिकटतात, नाही जुळले की सुटतात. त्या ओळखीची सारी यंत्रणा एवढ्यावर चालते.

आता मत्स्यबीज केंद्रात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असलेली एक गोष्ट. एकाच टाकीत कटला आणि रोहू दोघांचे नर-मादी एकत्र सोडले, तर कटल्याची अंडी रोहूच्या वीर्याने सहज फळतात. पिल्लं जगतात, वाढतात, आणि मोठेपणी वांझही नसतात. प्राणिशास्त्राने ज्यांना दोन वेगळ्या प्रजातींत घातलं, त्यांची अंडी परक्याला दारातून परत लावत नाहीत. समुद्राच्या तळाशी शेजारी-शेजारी राहणाऱ्या काही शिंपल्यांची गोष्ट नेमकी उलटी आहे. आपल्या डोळ्यांना ते जुळे भाऊ वाटावेत इतके सारखे. पण एकाच्या अंड्यावर दुसऱ्याचे शुक्रजंतू सोडले तर अंडं त्यांना जवळपास उभंच करत नाही. रोहूचा उंबरठा इतका सैल आणि शिंपल्याचा इतका कडक, असं का?

काटेरी गोळ्याची साक्ष

फलन म्हणजे नेमकं काय, हे माणसाने पहिल्यांदा पाहिलं ते समुद्री प्राण्यांतच. सी अर्चिन नावाचा एक काटेरी गोळा असतो. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला खडकांच्या खोबणीत काळेभोर काटे रोखून बसलेला दिसतो, तोच. त्याची अंडी लाखांनी मिळतात, काही जातींत ती काचेसारखी पारदर्शक असतात आणि फलन बाहेर, पाण्यात होतं. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबभर समुद्राचं पाणी ठेवलं की सगळं उघड दिसतं. १८७६ साली जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर हर्टविग यांनी अशाच अंड्यात दोन केंद्रकं एकमेकांकडे सरकून एक होताना पाहिली. एक आईकडचं, एक बापाकडचं. लवकरच हर्मान फोल यांनी ताऱ्यासारख्या समुद्री प्राण्याच्या अंड्यात शिरणारा शुक्रजंतू प्रत्यक्ष पाहिला.

ओळख पटवणारा पदार्थ हाती यायला मात्र आणखी शंभर वर्षं गेली. १९७७ साली कॅलिफोर्नियात व्हिक्टर व्हॅकियर आणि गॅरी मॉय यांनी जांभळ्या सी अर्चिनच्या शुक्रजंतूंतून एक प्रथिन वेगळं काढलं. शुक्रजंतूच्या टोकाशी एक छोटी पिशवी असते. अंड्याभोवतीच्या चिकट थराशी गाठ पडली की ती फुटते आणि आतलं हे प्रथिन बाहेर येऊन अंड्याला चिकटतं. बांधून ठेवतं म्हणून त्याला नाव दिलं बिंडिन.

पुढे वेगवेगळ्या सी अर्चिनांचं बिंडिन ताडून पाहिलं तेव्हा त्याची रचना विलक्षण निघाली. प्रथिनाच्या मधोमध सुमारे पंचावन्न अमिनो आम्लांचा एक पट्टा आहे. आज जगणाऱ्या सी अर्चिनांचे वंश वेगळे होऊन कोट्यवधी वर्षं लोटली, तरी हा पट्टा सगळ्यांत जवळजवळ अक्षरशः सारखा राहिला आहे. त्याच्या दोन्ही अंगांना मात्र धुमाकूळ आहे. तुकडे वाढलेले, गळालेले, पुन्हापुन्हा आलेले, बदललेले. घराचा मधला खांब पणजोबांच्या वेळचा आणि दारं-खिडक्या दर पिढीने बदललेल्या, असा प्रकार.

नदी आणि नंदी

एखादं प्रथिन नुसतं काळाच्या ओघात बदललं, की निसर्गाने ते मुद्दाम बदलायला लावलं? ही शंका फेडायची एक सुंदर युक्ती जीवशास्त्रात आहे, आणि ती मराठी शाळेत शुद्धलेखनासाठी छड्या खाल्लेल्या कोणालाही पटकन समजेल.

‘नदी’ हा शब्द एखाद्या मुलाने ‘नदि’ असा लिहिला तर गुरुजी लाल रेघ मारतील, पण वाचणारा नदीच वाचेल. अर्थ बिघडला नाही. पण त्याच मुलाच्या हातून डोक्यावर एक टिंब जास्त पडलं की ‘नंदी’ झाला. नदीच्या जागी बैल येऊन बसला. जनुकाच्या भाषेतही अशाच दोन जातींच्या चुका होतात. काही अक्षरं बदलली तरी बनणारं अमिनो आम्ल तेच राहतं, या मुक्या चुका. काही बदलली की अमिनो आम्लच बदलतं, या अर्थाच्या चुका.

बहुतेक जनुकांत अर्थाच्या चुका फार कमी टिकतात, कारण चालत्या यंत्रात हात घातला तर ते बिघडण्याचीच शक्यता जास्त. अशी बिघडलेली पिल्लं मागे पडतात आणि चूक पुसली जाते. मुक्या चुका कोणाच्या नजरेत येत नाहीत, म्हणून साचत राहतात. दोन प्रजातींचं एकच जनुक शेजारी ठेवून दोन्ही जातींच्या चुका मोजल्या, की त्या जनुकाचा इतिहास कळतो. मुक्या जास्त असतील तर निसर्गाने ते जपलं. दोन्ही बरोबरीला आल्या तर त्याला वाऱ्यावर सोडलं. आणि अर्थाच्या चुका मुक्यांपेक्षा जास्त भरल्या तर मामला वेगळाच : तिथे बदलणाऱ्याचाच फायदा होत होता.

अशी स्थिती क्वचित आढळते. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या प्रथिनांत ती दिसते, कारण जंतू रोज नवा डाव टाकतो. आणि ती दिसते समुद्री प्राण्यांच्या फलनाच्या प्रथिनांत.

याचं सर्वांत ठळक उदाहरण अ‍ॅबलोन नावाच्या शिंपल्याचं. कानाच्या पाळीसारखा एकच शिंपला पाठीवर घेऊन तो खडकाला घट्ट चिकटून राहतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्याच्या सात प्रजाती आहेत आणि त्यांतल्या कित्येकांचे पट्टे एकमेकांवर येतात. अ‍ॅबलोनच्या अंड्याभोवती तंतूंनी विणलेलं एक जाड वेष्टन असतं. शुक्रजंतू त्यावर लायसिन नावाचं प्रथिन ओततो आणि वेष्टनाला भोक पडतं. गंमत म्हणजे लायसिन काहीच कापत नाही. पाचकरसासारखं तोडणं-विरघळवणं त्याला येत नाही. ते वेष्टनाच्या तंतूंना येऊन चिकटतं, तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारे दुवे सुटतात, आणि खाटेची सुंभं ढिली पडावीत तशी वीण उसवते. त्या फटीतून शुक्रजंतू आत जातो.

व्हॅकियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात वेगवेगळ्या अ‍ॅबलोनांच्या लायसिनांची तुलना केली. सुमारे १३५ अमिनो आम्लांचं हे चिमुकलं प्रथिन. पण त्यात अर्थ बदलणारे बदल मुक्या बदलांना मागे टाकून गेले होते. परक्या प्रजातीचं लायसिन वापरून पाहिलं तर वेष्टन उसवायला ते कितीतरी जास्त लागतं. आपल्या प्रजातीला मात्र थोडकं पुरतं.

चावी बदलायची वेळ का येते? कुलूप बदललं म्हणून. १९९८ साली विली स्वॅन्सन आणि व्हॅकियर यांनी कुलपाचं गूढ उलगडलं. लायसिन ज्या तंतूला चिकटतं तो तंतू म्हणजे एकाच तुकड्याची बावीसेक वेळा केलेली पुनरावृत्ती आहे. जपमाळेत एकसारखे मणी असावेत तशी. जनुकात अशा सारख्या तुकड्यांची एकमेकांत अदलाबदल होत राहते. एखाद्या मण्यात फरक पडला, तर तो पुसला तरी जातो किंवा हळूहळू बाकीच्या मण्यांतही पसरतो. पसरला की माळच बदलते, आणि कालची चावी आज नीट लागत नाही. मग शुक्रजंतूंमध्ये ज्याचं लायसिन या नव्या माळेशी चांगलं जुळतं तो पुढे जातो. अंडं सरकतं, शुक्रजंतू मागोमाग धावतो. पुढच्या तपासात माळेच्या पहिल्या दोन मण्यांतही निवडीच्या खुणा सापडल्या. म्हणजे अंडं केवळ चुकून सरकत नव्हतं; सरकण्यात त्याचाही काही लाभ होता.

पाहुणे फार झाले की

लाभ कोणता, हा खरा कळीचा प्रश्न. फलन झालं पाहिजे हे तर दोघांच्याही हिताचं. मग अंड्याने दार अवघड का करावं?

शुक्रजंतूंचा दुष्काळ ही अंड्याची एक अडचण, आणि सुकाळ ही दुसरी. समुद्रात नर अब्जांनी शुक्रजंतू सोडतो. मादी लांब असेल, लाटा जोराच्या असतील तर तो सगळा पसारा पाण्यात विरून जातो आणि बरीच अंडी कोरी राहतात. पण नरांची दाटी असेल तर एकेका अंड्याभोवती शुक्रजंतूंचं मोहोळ उठतं. अंड्यात एकाऐवजी दोन शिरले तर पेशीविभाजनाचं गणित बिघडतं, गुणसूत्रांची वाटणी वेडीवाकडी होते आणि गर्भ मरतो. हे टाळायला सी अर्चिनच्या अंड्याकडे दोन उपाय असतात. पहिला शुक्रजंतू भिडताच काही क्षणांत अंड्याच्या आवरणाचा विद्युतभार पालटतो आणि मिनिटाभरात एक कडक आवरण फुगून वर येतं. तरी दुसरा शुक्रजंतू पहिल्याच्या पाठोपाठच आला तर दोन्ही उपाय तोकडे पडतात. अशा वेळी ज्या अंड्याची ओळख जरा उशिरा पटते तेच अंडं वाचतं.

अमेरिकेतले डॉन लेव्हिटन यांनी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लाल सी अर्चिनांत हे हिशेबाने दाखवलं. एकाच प्रजातीतल्या नरांत बिंडिनचे थोडे वेगवेगळे नमुने असतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या कामात लेव्हिटन आणि डेव्हिड फेरेल यांना दिसलं की पाण्यात शुक्रजंतू विरळ असतील तर सर्रास आढळणाऱ्या नमुन्याचे, म्हणजे अंड्याशी चटकन जुळणारे नर सरस ठरतात. दाटी झाली की पारडं फिरतं. दुर्मीळ नमुन्याच्या, सावकाश जुळणाऱ्या जोड्यांची अंडी जास्त जगतात.

लाल सी अर्चिन शंभराहून अधिक वर्षं जगू शकतो. त्यामुळे लहान-मोठ्यांची प्रथिनं तपासली की गेल्या दोन शतकांची नोंदवहीच हाती येते. २०१२ साली लेव्हिटन यांनी ती वाचली. जुन्या पिढ्यांत सहज जुळणारा नमुना जास्त होता, नव्यांत तो कमी होऊन दुसरा वाढला होता. मधल्या काळात घडलं ते असं : सी अर्चिन खाणारं समुद्री ऊदमांजर फरसाठी माणसाने बेसुमार मारलं. खाणारा गेला, सी अर्चिन माजले, पाण्यात दाटी झाली. टोपी-कोटासाठी केलेल्या शिकारीने तळाशी बसलेल्या काटेरी गोळ्याच्या शुक्रजंतूची चावी बदलली.

दुसरं कारण शेजाऱ्यांचं. एकाच पाण्यात जवळच्या प्रजाती एकाच हंगामात अंडी-शुक्रजंतू सोडत असतील तर परक्याशी गाठ पडून अंडं वाया जाण्याचा धोका असतो. सी अर्चिनांच्या एकिनोमेट्रा गटात अशा शेजारणी आहेत, तिथे बिंडिन भरभर बदललं. अर्बेसिया गटातल्या प्रजाती बहुतेक वेगवेगळ्या किनाऱ्यांवर राहतात, तिथे ते शांत राहिलं. पण सगळा खुलासा शेजारानेच होतो असंही नाही. स्टीफन पालुंबी यांना एकिनोमेट्राच्या एकाच प्रजातीत असं दिसलं, की एका नमुन्याच्या नराचे शुक्रजंतू काही माद्यांची अंडी पसंत करतात आणि काहींकडे तेच मागे पडतात. परका अजून दारात आलेलाही नसतो, घरातल्या घरातच आवडीनिवडी सुरू झालेल्या असतात. याच आवडीनिवडी पुरेशा वाढल्या की एका प्रजातीच्या दोन होऊ शकतात.

कालवांची बहुरूपी टोळी

हे सगळं परदेशी वाटत असेल तर कोकणात उतरू. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला बायका कोयता घेऊन खडकावरची कालवं फोडताना दिसतात. खायला चवदार, काढायला किचकट. कालव एकदा खडकाला चिकटलं की जन्मभर तिथेच. नवरा शोधायला जाणं नाही, पळणं नाही, निवडणं नाही. जे काही करायचं ते पाण्यात सोडून द्यायचं. मोठ्या जातीच्या कालवाची मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडते, आणि शेकडो कालवं एकमेकांना खेटून बसलेली असतात. म्हणजे दाटीची परमावधी.

२००८ साली मॉय, व्हॅकियर आणि सहकाऱ्यांनी पॅसिफिक कालवाचं बिंडिन तपासलं. नावाचंच बिंडिन, सी अर्चिनच्या बिंडिनाशी त्याचं रक्ताचं नातं नाही, तेच काम करायला कालवांनी साखरेला चिकटणारं दुसरंच प्रथिन हाताशी धरलं आहे. जनुक एकच, पण त्यातले चिकटणारे तुकडे कोणात एक, कोणात पाचपर्यंत. तुकड्यांची अदलाबदल होते, आणि अंड्याकडची बाजू निवडीच्या रेट्याखाली सारखी बदलते. सगळ्या टोळीत मिळून त्या एका प्रथिनाची अफाट रूपं, पण एकेका नराकडे त्यांतलं एखाद-दुसरंच. दाटीत प्रत्येकाने वेगळा चेहरा घेऊन यावं, हा कालवांचा तोडगा.

बाउन्सर

आता पुन्हा गोड्या पाण्यात येऊ. माशांच्या अंड्यावर दारवान कोण, हे २०१८ साली व्हिएन्नात कळलं. आंद्रेआ पाउली यांच्या प्रयोगशाळेने झेब्रामाशाच्या अंड्याच्या आवरणावर एक छोटं प्रथिन शोधलं. पट्ट्यापट्ट्यांचा हा बोटाच्या पेराएवढा मासा आपल्याच ओढ्या-डबक्यांतला. गंगेच्या खोऱ्यातून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी केलं, आणि रोहू-कटल्याशी त्याचं भावकीचं नातं आहे. हे प्रथिन काढून टाकलं तर शुक्रजंतू छिद्रातून आत उतरतात, पण अंड्यात शिरू शकत नाहीत. कोणाला आत सोडायचं हे ते ठरवतं, म्हणून त्याचं नाव ठेवलं बाउन्सर. क्रिकेटमधला नव्हे, पबच्या दारातला.

मग त्यांनी खरी कसोटी घेतली. झेब्रामाशाचं बाउन्सर काढून त्या जागी जपानी भातखाचरातल्या मेडाका माशाचं बसवलं. दोघांचे वंश वेगळे होऊन दहा कोटींहून अधिक वर्षं झालेली. तरी झेब्रामाशाच्या अंड्यांनी मेडाकाच्या शुक्रजंतूंना आत घेतलं आणि गर्भ वाढू लागले. एक प्रथिन बदललं आणि कोट्यवधी वर्षांचा उंबरठा ओलांडता आला.

२०२३ साली त्याच प्रयोगशाळेने आणखी माशांची बाउन्सर तपासली, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट निघाली. समुद्रघोड्याचं आणि फुगू माशाचं बाउन्सर झेब्रामासा आणि मेडाका दोघांच्याही शुक्रजंतूंना चालत होतं. आणि नदी-नंदीचा हिशेब मांडला तर बाउन्सरमध्ये अर्थाचे बदल फार थोडे टिकलेले. निसर्गाने ते जपून ठेवलं होतं. लायसिन आणि बाउन्सर दोघंही दारातच उभे; पण एक जन्मभर कपडे बदलत राहिला, दुसऱ्याने जुनाच पोशाख झिजेपर्यंत वापरला.

या प्रकरणात आतापर्यंत जमवलेल्या गोष्टी एकत्र ठेवल्या तर असं का, याचा अदमास येतो. माशाच्या अंड्याला आधीच जाड कवच आहे आणि एकच अरुंद दरवाजा. गर्दी झाली तरी आत एकेकानेच उतरायचं, म्हणून बाउन्सरवर सुकाळाचा तेवढा ताण येत नाही. शिवाय मासे एकमेकांपर्यंत पोहून जातात. नर मादीचा पाठलाग करतो, दोघं अंगाला अंग घासतात, मग अंडी-वीर्य एकाच ठिकाणी पडतं. जोडीदाराची निवड अंडं आणि शुक्रजंतू भेटण्याच्या आधीच बरीचशी होऊन गेलेली असते. खडकाला चिकटलेल्या कालवाला आणि अ‍ॅबलोनला ती सोय नाही. त्यांची सगळी निवड, सगळी भांडणं, सगळी सावधगिरी पेशीच्या उंबरठ्यावर येऊन साचते, आणि म्हणून तिथली प्रथिनं स्वस्थ बसत नाहीत.

यावरून कटला-रोहूचं कोडंही सुटण्यासारखं आहे. त्यांच्या अंड्यांनी परका ओळखायचं काम बहुधा कधी फारसं शिकूनच घेतलेलं नाही. नदीत ते काम पुराचा प्रवाह, जागा, वेळ आणि माशांचं वागणं यांच्यात वाटलेलं होतं. आपण इंजेक्शन देऊन वेळ ठरवली, टाकी बांधून जागा ठरवली, प्रवाह नळाने दिला. बाहेरचे बहुतेक पहारेकरी आपणच घरी पाठवले आणि आतला दारवान मुळातच मवाळ. म्हणून अंडी देणारी जोडपी वेगळी ठेवणं, टाक्या निराळ्या ठेवणं, एकाच्या वीर्याचं पाणी दुसऱ्याच्या अंड्यांवर न जाऊ देणं, ही केंद्रातली साधी शिस्त म्हणजे नदीने सोडलेलं काम माणसाने हाती घेणं आहे. ती ढिली पडली तर संकरित पिल्लं पुढच्या पिढीची आईबापं होतात आणि हळूहळू ना धड कटला उरतो, ना धड रोहू.

सिद्धेश्वरसारख्या धरणात सोडायला आणलेल्या बोटुकल्यांच्या पिशवीत अशी पिल्लं मिसळली तर ती बोटभर असताना ओळखू येणं कठीण. वर्ष-दीड वर्षाने जाळं ओढल्यावर कळतं. कटल्याचं डोकं थोराड असतं, जवळपास अंगाला न शोभणारं. रोहूचं डोकं लहान, अंग लांबट. जाळ्यातल्या एखाद्या माशाचं डोकं रोहूसारखं आटोपशीर आणि अंग कटल्यासारखं रुंद असलं, तर भोई तो वेगळा उचलून पाहतो. गिऱ्हाईक तो आनंदाने नेतं, त्यात मांस जास्त निघतं. दीड वर्षापूर्वी एका रात्री एका अंड्याच्या दारात मिनिटभर काय घडलं, त्याची नोंद त्या माशाच्या अंगावरच लिहिलेली असते.